सहा माणसं, नागपूरचा उन्हाळा अन् लक्झरी एसयूव्ही: नवी घ्यावी की वापरलेली?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. घरी या विषयावर बोलून बोलून सगळे कंटाळले म्हणून आता इथे लिहून राहिलो. सध्या २०१६ ची डिझेल क्रेटा आहे, गाडीने आजवर काही त्रास दिला नाही पण आता बदलायचीय. माझं बुटीबोरीला छोटं युनिट आहे, रोज मनीषनगर ते बुटीबोरी जाणं-येणं वर्धा रोडने, म्हणजे ५० किमीच्या आसपास, सकाळी जरा लवकर निघालो तर गाडी बरी पळते. रविवारी गावात बायको चालवते. वर्षातून काही वेळा समृद्धीवरून शिर्डी, संभाजीनगर, आणि हिवाळ्यात पेंच नाहीतर ताडोबा ठरलेलं.

घरात आई-बाबा, आम्ही दोघं, मोठी मुलगी बारावीला आणि धाकटा तिसरीत. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे फार उंच गाडीत चढणं तिला जमत नाही, आणि फार खाली बसणं तर त्याहून नाही, सेडान म्हणून बादच.

मनात आहेत त्या म्हणजे व्होल्वो एक्ससी६०, मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स३ आणि ऑडी क्यू५. नवी घेतली तर ऑनरोड ८० लाखांपर्यंत ताणता येईल, पण मन होत नाही. वापरलेल्या दोन पाहून ठेवल्या आहेत. एक २०२२ ची एक्ससी६० पेट्रोल, ३८,००० किमी, गाडी इथलीच, ४३ लाख म्हणतो. दुसरी २०२१ ची जीएलसी २२०डी, ५२,००० किमी, दिल्ली पासिंग, ३६ लाख. दुसरीचा भाव पाहून हात शिवशिवतायत खरं सांगायचं तर.

ज्यांच्याकडे यातली कुठली आहे किंवा होती त्यांनी मोकळेपणाने सांगा. यूट्यूबवाल्यांचं सगळं पाहून झालंय, ते लोक ड्रायव्हर सीटवरून उठतच नाहीत.

समृद्धी_प्रवासी

फॉर्च्युनर घ्या भाऊ, डोळे मिटून. पाच वर्षांनी विकाल तेव्हा माझी आठवण काढाल.

मनीषनगरकर

@समृद्धी_प्रवासी रिसेलचं मान्य, पण साळ्याच्या फॉर्च्युनरमध्ये आईला बसवायला दोन माणसं लागतात आणि उतरवायला तीन. लग्नाच्या वरातीला ठीक आहे.

तर्रीवाले_काका

बाप्पा, एवढी मोठी पोस्ट लिहिली पण एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाई. आई, बाबा, तुम्ही दोघं अन् दोन पोट्टे, झाले की नाई सहा? अन् तुम्ही जेवढ्या गाड्या लिहिल्या थ्या सगळ्याच्या सगळ्या पाच सीटर हाय. मंग सहावा माणूस काय डिक्कीत बसवून राहिले?

अन् त्या पाचातबी पाचवी जागा नावाचीच असते. मधे मोठा बोगदा असते ना खाली, चारही चाकाले ताकद द्याचा दांडा तिथून जाते, म्हणून मधात बसणाऱ्याले पाय फाकवून बसा लागते. पुढून एसीचा डब्बा मागे आलेला असते थो वेगळाच. शोरूममधे पाच मिनिटं बसलं तं कळत नाई, वर्ध्यापर्यंत जाऊन पाहा.

सात सीटर पाहिजे असन तं स्कोडाची कोडियाक पाहा, आपल्या संभाजीनगरलेच बनते, तिसऱ्या रांगेत मोठा माणूस बसत नाई पण तिसरीतला पोरगा मजेत जाते. नाई तं वापरलेली ऑडीची क्यू७ नाई तं व्होल्वोची एक्ससी९०, त्याच पैशात. पण मंग गाडी लांब होते, मनीषनगरच्या गल्लीत वळवा लागन, अन् खर्चबी तसाच मोठा.

मनीषनगरकर

काका, मुद्दा शंभर टक्के खरा आहे, घरी वाचून दाखवला तर बायको म्हणे हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होती. त्यावर आमचं उत्तर असं की मुलगी येत्या जूनपासून पुण्याला शिकायला जाणार, हॉस्टेल. म्हणजे रोजचे आम्ही पाचच, आणि तिला सोडायला-आणायला पुण्याच्या चकरा वाढतील, समृद्धीने संभाजीनगरपर्यंत आणि पुढे अहिल्यानगरवरून. ती सुट्टीत आली की सहा होतात, तेव्हा क्रेटा ठेवायची की विकायची हा दुसरा वाद चालू आहे.

कोडियाक मी पाहिली आहे, आवडली पण. तिसरी रांग उघडली की बॅगा ठेवायला काही उरत नाही, मग सहा माणसं आणि सामान दोन्ही कसं नेणार? छतावर कॅरिअर लावायची तर एवढी भारी गाडी घेऊन मजा काय राहिली.

बारातेराचा_पाना

मी याच धंद्यात आहे, मल्टिब्रँड वर्कशॉप, जर्मन गाड्या जास्त येतात. जरा लांब लिहीन, वाचा.

आधी पेट्रोल का डिझेल. लोक म्हणतात लक्झरी गाडीत डिझेल घेऊ नको, डीपीएफ चोक होतो. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाईनमध्ये धूर गाळायची जाळी, तिच्यात काजळी साठते आणि गाडी थोडा वेळ सलग वेगात चालली की इंजिन ती काजळी स्वतःच जाळून टाकतं. धरमपेठ ते सदर, सदर ते सीताबर्डी एवढंच फिरणाऱ्याची जाळी चोक होणारच, तो माणूस माझ्याकडे दर दोन महिन्यांनी पिवळा दिवा घेऊन येतो. पण तुम्ही रोज बुटीबोरीला जाऊन राहिले, वर्धा रोडवर गाडी गरम होते, तुम्हाला डिझेलची भीती नाही. बीएस६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या डिझेलमध्ये ॲडब्लूची (धूर साफ करणाऱ्या द्रवाची) वेगळी टाकी असते, ती भरत राहायची, रिकामी झाली आणि तुम्ही बंद केली तर गाडी परत चालू होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पण तुमच्या यादीत डिझेल शोधाल तर नव्यात फक्त जीएलसी २२०डी आणि एक्स३ ची २०डी. ऑडीने बीएस६ आलं तेव्हा २०२० मध्येच इथे डिझेल सोडलं, व्होल्वोनेही त्यानंतर. २०२२ ची एक्ससी६० म्हणजे बी५, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५० हॉर्सपॉवर, सोबत ४८ व्होल्टची छोटी बॅटरी जी गाडी उठताना हात देते. इंजिन मस्त आहे पण गावात सातआठच्या वर ॲव्हरेजची अपेक्षा करू नका, हायवेला ११-१२ पकडा.

आता दिल्लीवाली. भाव कमी काऊन आहे हे आधी समजून घ्या. तिकडे २०२५ पर्यंत डिझेल गाडीला सरसकट दहा वर्षांची मर्यादा होती, एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश होता आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही तो धरला. त्या धास्तीने तिकडचे लोक डिझेल आधीच काढून टाकतात आणि ती इकडे येते. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणा, फॉर्म २८, लोन असेल तर बँकेचा फॉर्म ३५, मग इथे परत पासिंग, इथला टॅक्स परत भरा आणि तिकडचा भरलेला टॅक्स परत मागत बसा. एजंट म्हणतो सगळं करून देतो. करून देईल, पण टॅक्स तुमच्याच खिशातून जाणार, ते ३६ मध्ये धरलंय का विचारा. बहुतेकदा धरलेलं नसतं. शिवाय जीएलसीचं नवीन मॉडेल २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, तुमची आहे ती त्याच्या आधीची, म्हणजे विकायला जाल तेव्हा दोन पिढ्या जुनी दिसण्याची शक्यता.

गाडी पाहायला जाल तेव्हा आधी ओबीडी स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचायचं मशीन. साधा हजार रुपयांचा ब्लूटूथवाला नाही, त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर असलेला, कारण किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स आणि इतर कंट्रोल युनिटमध्येही नोंद राहते, मीटर मागे फिरवणारा सगळीकडे फिरवेलच असं नाही. पेंटची जाडी मोजायचं मशीन लावा, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतो, एखाद्या दारावर ३०० च्या पुढे आकडा गेला म्हणजे खाली पुट्टी आहे. एक दार रंगवलेलं असलं तर घाबरू नका, नागपुरात दार घासत नाही असा माणूस सापडत नाही. पण छताचा खांब, दाराची चौकट, बॉनेटच्या आतले बोल्ट, तिथे पाना लागल्याची खूण दिसली तर चहा पिऊन परत या.

एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहायची, एखादा कोपरा खाली बसलेला असेल तर तिथली बॅग गळतेय, आणि गळक्या बॅगेमुळे कॉम्प्रेसर जास्त चालून तोही लवकर जातो. विक्रेता नेहमी गाडी चालू करून, गरम करून तुमची वाट पाहत असतो, त्याला सांगायचं मी येईपर्यंत बॉनेट थंड ठेव. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना जो आवाज येतो तो बरंच काही सांगतो, विशेषतः टायमिंग चेनचा खडखडाट पहिल्या दोनतीन सेकंदांतच ऐकू येतो आणि मग गायब.

सनरूफचं पाणी जाण्याच्या बारीक नळ्या असतात चार कोपऱ्यांत, आपल्याकडे धूळ आणि कडुनिंबाचा पाला, त्या बुजतात. पावसाळ्यात पाणी मग थेट कार्पेटखाली. बाटलीभर पाणी हळूच कडेच्या पन्हळीत ओतून पाहा, चाकाजवळ खाली टपकायला पाहिजे.

अंबाझरी_लेआउट

पाण्याचा विषय निघालाच आहे तर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं ते नागपुरात कोणी विसरणार नाही. आमच्या लेआउटमध्ये, डागा लेआउटमध्ये, कॉर्पोरेशन कॉलनीत पार्किंगमधल्या गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात होत्या. मी गॅलरीतून पाहत होती, शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीचे इंडिकेटर पाण्याखाली आपोआप चालू-बंद होत होते, गाडीत कोणी नव्हतं. नंतरचे कित्येक दिवस आमच्या रस्त्यावर क्रेन.

आता प्रश्न हा की त्या सगळ्या गाड्या गेल्या कुठे? इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस देते, गाडी लिलावात जाते, तिथून कोणीतरी घेतो, आत-बाहेर धुऊन, सीटकव्हर बदलून परत बाजारात. काही तर क्लेमच केला नाही, सुकवून चालवल्या आणि विकल्या. म्हणून २०२३ च्या आधीची आणि इथलीच गाडी असेल तर मालक त्यावेळी कुठे राहत होता हे सरळ विचारा, लाजायचं काय त्यात.

आणि स्वतः पाहायचं. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला पाण्याची पुसट रेषा राहते, ते कोणी धूत नाही. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात कोपऱ्यांत हात फिरवा, बारीक गाळ अडकलेला असतो. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज. आणि गाडी उन्हात काचा बंद करून तासभर ठेवून मग दार उघडा, परफ्यूम मारलेला असला तरी ओल्या गोधडीचा वास लपत नाही. या गाड्यांमध्ये बरेच कंट्रोल युनिट सीटखाली नाहीतर डिक्कीच्या तळाशी असतात, पाणी एकदा शिरलं की आज चालेल, दोन पावसाळ्यांनी एकेक दिवा लागायला सुरुवात.

तुम्ही कुठलीही घ्या, इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन घ्याच. साध्या पॉलिसीत पाण्यात गाडी चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनमध्ये पाणी ओढलं गेलं तर कंपनी हात वर करते. सिमेंट रोड झाल्यापासून आपल्याकडे रस्ते वर आणि घरं खाली, पाऊस आला की पाणी कंपाउंडमध्येच येतं, हे मनीषनगरवाल्यांना मी काय सांगू.

सीए_लक्ष्मीनगर

भावाबद्दल थोडं. ४३ लाख हा आकडा कशावरून आला ते विक्रेत्याला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, म्हणजे एकूण ५० टक्के होता. त्या तारखेपासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के झाला. नव्या गाड्यांच्या किंमती लाखांनी उतरल्या. पण जुनी विकणारा अजून स्वतःच्या जुन्या बिलाकडे पाहून भाव सांगतो, की साहेब मी एवढ्याला घेतली होती. त्याने कितीला घेतली याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही, आज तीच गाडी नवी कितीला मिळते त्यावरून खाली या.

इन्शुरन्सवाल्यांचा घसाऱ्याचा तक्ता मला बोलणी करताना फार कामी येतो. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. आज नवीची एक्स-शोरूम ७० लाख धरली तर चार वर्षांच्या आतल्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, ४२ होते, आणि चार पूर्ण झाली की ३५. म्हणजे रजिस्ट्रेशनची तारीख आरसीवर नीट पाहा, जानेवारी २०२२ आणि डिसेंबर २०२२ दोन्ही '२०२२ मॉडेल'च म्हणतात पण या तक्त्यात मधे सात लाखांची दरी आहे. बाजारभाव तक्त्याप्रमाणे चालत नाही हे मान्य, तरी टेबलवर कागद ठेवला की समोरचा माणूस जरा खाली बोलतो.

नवीचा हिशोब पाहिला तर ७० लाखांच्या पेट्रोलवर वैयक्तिक नावाने रोड टॅक्स १३ टक्के, ९ लाख १० हजार. डिझेलवर १५ टक्के, साडेदहा लाख. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच कापलेला इन्कम टॅक्स, तो रिटर्नमध्ये परत मिळतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कंपनीच्या नावाने घेतली तर टॅक्स २० टक्के, सरळ १४ लाख, म्हणून 'फर्मच्या नावाने घे, फायदा आहे' म्हणणाऱ्या मित्राला आधी हा आकडा दाखवा. गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला तसंही मिळत नाही, कायद्यातच अडवलंय. प्रोप्रायटर असाल तर स्वतःच्या नावाने घेऊनही धंद्याच्या वापरापुरता १५ टक्के घसारा पुस्तकात धरता येतो, तुमच्या सीएशी बोला, मी इथे फुकट सल्ला देऊन राहिलोय म्हणून तोच लावू नका.

इंधनाचंही सांगतो. रोजचे ५० किमी म्हणजे वर्षाला साधारण १५,००० किमी. पेट्रोल १०४ रुपये आणि सरासरी ९ चं ॲव्हरेज धरलं तर १ लाख ७३ हजार. डिझेल ९१ आणि १३ चं ॲव्हरेज धरलं तर १ लाख ५ हजार. वर्षाला ६८ हजारांचा फरक. म्हणजे नवी डिझेल घेतली तर रोड टॅक्सचे जास्तीचे १ लाख ४० हजार दोन वर्षांत निघतात. बुटीबोरी रोज आहे म्हणून, नाहीतर निघाले नसते.

समृद्धी_प्रवासी

फॉर्च्युनरचं जाऊ द्या, कोणी ऐकत नाही इथे. पण टायरबद्दल मी बोलणारच, महिन्यातून समृद्धीवर असतो.

७०१ किमी सिमेंटचा रस्ता, २०२५ च्या जूनपासून ठाण्याकडच्या आमण्यापर्यंत पूर्ण चालू, कारला १२० ची मर्यादा. शिवमडक्यावरून चढलात की गाडी आणि तुम्ही दोघंही झोपेत जाता असा सरळ. मे महिन्यात बाहेर ४५, रस्त्याचं तर विचारूच नका, अशात जुना टायर आणि कमी हवा म्हणजे टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते आणि फुटते. कमी हवा जास्त वाईट, लोक उलटं समजतात आणि उन्हाळा आहे म्हणून हवा काढतात. हवा सकाळी टायर थंड असताना दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्यावर भरायची, घरचे सगळे आणि सामान असेल तर तिथेच जास्त लोडचा वेगळा आकडा लिहिलेला असतो, तो घ्यायचा.

वापरलेल्या गाडीत टायरवर चार आकडे पाहा, २३२१ लिहिलं असेल तर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. लक्झरीवाले गाडी कमी चालवतात म्हणून नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर पाच वर्षांचं. १९-२० इंचाच्या चाकाचे चार टायर बदलायचे म्हणजे लाखाच्या घरात गेलेच, ते भावातून कापून घ्या. रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडे चालणारे) असतील तर आणखी. आणि स्टेपनी आहे का, कुठली आहे ते डिक्की उघडून पाहा, बारकी स्टेपनी असली तर तिच्यावर ८० च्या वर जाता येत नाही. जालना ते मेहकर मधे रात्री ते ८० फार लांब वाटतात.

नव्यात मोठ्या चाकाचा टॉप मॉडेल घ्यायच्या आधी एक इंच छोटं चाक मिळतं का विचारा. दिसायला कमी, पण सिमेंट रोड आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यावर कंबर तुमचीच आहे.

तर्रीवाले_काका

व्होल्वोचं एक सांगाचं राहून गेलं. २०२० नंतरच्या त्यांच्या गाड्या १८० च्या वर जातच नाई, कंपनीनंच बांधून टाकल्या. माह्या भाच्यानं त्याच्यासाठीच घेतली नाई. म्हटलं अबे, १२० चा रस्ता हाय, १८० ले जाऊन तुले लवकर कुठी पोचाचं हाय?

मनीषनगरकर

मंडळी, तुमचं वाचून शनिवारी दुपारी मुद्दाम भर उन्हात आई-बाबांना घेऊन निघालो. शोरूमवाले म्हणे सर संध्याकाळी या ना, म्हटलं नाही, आत्ताच. गाडी अर्धा तास बाहेर उन्हात ठेवायला लावली आणि मग सगळे आत.

जे कळलं ते सांगतो, ब्रँडनुसार नाही लिहीत कारण एकेकाचा अनुभव वेगळा असतो. आईला सीटच्या उंचीचा प्रॉब्लेम एकीतही आला नाही, प्रॉब्लेम आला तो दाराच्या खालच्या पट्टीचा. एका गाडीत ती एवढी रुंद की पाय बाहेर टाकताना साडी घासत होती आणि गुडघा पूर्ण वळवावा लागत होता. दुसरीत दार जास्त उघडत होतं, पट्टी बारीक, आई एका हाताने खांब धरून स्वतः उतरली आणि खाली उभी राहून म्हणे, "हीच घे, रंग कोणताही चालेल." बाबांचा विषय एसी. मागे मधल्या डब्यातून हवा येते ती दोघांच्या मध्ये फुटते, पण एक्ससी६० मध्ये दारांमधल्या खांबांतून हवा येते ती थेट तोंडावर, बाबा पाच मिनिटांत घोरायला लागले. काळं लेदर कुठल्याच गाडीत घ्यायचं नाही हे बायकोने तिथेच जाहीर केलं, हाफ पँटमधला पोरगा बसल्या बसल्या ओरडला होता.

मधल्या सीटवर काका म्हणाले तसंच, पोरगा बसला तर ठीक, मी बसलो तर मानेपासून पायापर्यंत सगळं आखडलं.

दिल्लीवाली सोडली. एजंटला टॅक्सचं विचारलं तर म्हणे वो आपका रहेगा सर, वर तीन-चार लाख पकडके चलो. वर इन्स्पेक्शनला तयार पण त्याच्याच ओळखीच्या गॅरेजमध्ये.

आता राहिली इथली २०२२ ची, आणि नवी. २०२२ वाला माणूस बरा वाटला, सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड आहे, आरसीवर तारीख नोव्हेंबर २०२२. ४३ वरून ४०.५० वर आलाय. पूर आला तेव्हा गाडी कुठे होती विचारलं तर म्हणाला त्रिमूर्तीनगरला, पहिल्या मजल्याच्या पार्किंगमध्ये, आणि सोसायटीचा फोटोपण दाखवला.

बारातेराचा_पाना

४०.५० ला मुद्दे नीट निघाले तर वाईट नाही. पण आधी हे पाहा की वॉरंटी कुठवर आहे. मूळ वॉरंटी चालू असताना ती वाढवता येते, संपून गेल्यावर सहसा मिळत नाही किंवा कंपनी आधी सगळी तपासणी करून मगच देते. ती वाढवलेली असेल आणि तुमच्या नावावर होत असेल तर ४०.५० द्या, नसेल तर ३८ च्या वर जाऊ नका, कारण मग पुढचं सगळं तुमच्या खिशावर. या वर्गातल्या गाडीत एक हेडलाईट फुटला तरी लाखांत बिल येतं. कंपनीच्या स्वतःच्या सर्टिफाइड योजना असतात, बीएमडब्ल्यूची प्रीमियम सिलेक्शन, ऑडीची अप्रूव्ड प्लस, तिथे भाव थोडा चढा पण वॉरंटी कागदावर येते, एकदा तिथेही चक्कर मारा.

दुसरं, इथे नागपुरात त्या ब्रँडचं पूर्ण वर्कशॉप आहे की नुसतं डिस्प्ले आणि सेल्स, हे फोनवर नाही, स्वतः जाऊन पाहायचं. लिफ्टवर किती गाड्या आहेत, बॉडीशॉप इथेच आहे का ॲक्सिडेंट झाला की गाडी पुण्याला-मुंबईला ट्रकवर जाते, आणि समोरच्या काचेच्या मागे कॅमेरा असलेल्या गाडीची काच बदलली तर तो कॅमेरा परत कॅलिब्रेट करायची सोय आहे का. समृद्धीवर खडी उडून काचा तडकतात, ही रोजची गोष्ट आहे, आणि कॅलिब्रेट न करता काच बसवली तर ऑटोमॅटिक ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतो नाहीतर लागतच नाही.

तिसरं, गाडी २०२२ ची आहे म्हणजे एप्रिल २०२३ च्या आधीची. त्यानंतरच्या बीएस६ फेज २ गाड्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत, आधीच्या सगळ्याच तशा असतील असं नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते पाहा, कंपनीला ईमेल टाकून लेखी घ्या. चालते सगळीच, ॲव्हरेज थोडं पडतं, पण उद्या इंधनाच्या लाईनचं काही निघालं तर वॉरंटीवाला हाच मुद्दा काढेल.

अंबाझरी_लेआउट

पहिल्या मजल्याची पार्किंग छान, पण फोटोत गाडी आहे का नुसती सोसायटी? आणि सप्टेंबर २०२३ नंतरच्या सर्व्हिसचं जॉबकार्ड, म्हणजे काय काय काम केलं त्याचा कागद, मागा. त्यात कार्पेट, सेन्सर, वायरिंग असं काही बदललेलं दिसलं तर मला इथे मेसेज टाका, मी सोबत येते गाडी पाहायला. सीटबेल्ट मी ओढते.

मनीषनगरकर

फोटोत फक्त सोसायटी आहे. 😄 जॉबकार्ड उद्या देतो म्हणाला.

नवीचा पर्याय अजून मेलेला नाही, सीएसाहेबांच्या हिशोबाने नवी डिझेल घेतली तर ऑनरोड ८० च्या वर जातेय आणि मी ८० च्या वर जाणार नाही हे घरी बोलून बसलोय. क्रेटा मात्र ठेवायची ठरलं, मुलगी सुट्टीत आली की सहाचा प्रश्न तिनेच सुटेल, आणि बायको म्हणते गावात भाजी आणायला मला तीच पाहिजे, मोठी गाडी महालच्या गल्लीत तुम्हीच घाला.

बारातेराचा_पाना

जॉबकार्ड आलं की रविवारी सकाळी गाडी माझ्याकडे आणायला सांगा, स्कॅनर आणि मायक्रॉनचं मशीन दोन्ही लावतो. यायला का-कू केली तर तेवढ्यावरच उत्तर मिळालं समजा. आणि हो, रात्रभर थंड ठेवून आणा म्हणावं.

तर्रीवाले_काका

रविवारी मीबी येतो. पोहे माह्याकडून, तर्री जास्त घेणाऱ्यानं आपापलं पाहून घ्या.